लेकीच्या फुप्फुसाचे धूसर चित्र

पत्राचा गोषवारा: हे पत्र नोकरीनिमित्त जर्मनीत स्थायिक झालेल्या एका आईचे आहे. तिच्या सात वर्षांच्या मुलीला सिस्टिक फायब्रोसिस हा श्वासनलिकांत चिकट कफ साठवणारा जन्मजात आजार असल्याचे तेथील नवजात तपासणीतच कळले होते. रोज दोन वेळा नेब्युलायझर आणि छातीची फिजिओथेरपी सुरू आहे, मुलगी शाळेत जाते, पोहायला जाते आणि तिच्या स्पायरोमेट्रीचे, म्हणजे जोराने फुंकून फुप्फुसांची क्षमता मोजणाऱ्या तपासणीचे, आकडे चांगले येतात. असे असूनही रुग्णालयाने सलग दुसऱ्या वर्षी, श्वास चालू असतानाच काढायच्या फुप्फुसांच्या जलद एमआरआयची तारीख दिली आहे आणि काही जादा चित्रे संशोधनासाठी घेण्याची संमती मागितली आहे. गेल्या वर्षीच्या रंगीत नकाशात उजव्या फुप्फुसाच्या वरच्या भागात एक निळा पट्टा दिसला होता. तो पाहिल्यापासून या आईची झोप उडाली आहे. सांगलीला राहणाऱ्या सासूबाईंचे म्हणणे असे, की दिवाळीत येणारच आहात तर येथे एचआरसीटी, म्हणजे क्ष-किरणांनी बारीक कापांत काढलेला फुप्फुसांचा सीटी, करून घेऊ, दोन दिवसांत स्पष्ट काय ते कळेल. पतीला वाटते, की आपल्या मुलीवर प्रयोग चालले आहेत. आईने तीन प्रश्न विचारले आहेत: हा धूसर एमआरआय करावा का, त्याऐवजी सीटी करावा का, आणि संमतिपत्रावर सही करावी का?

तुमच्या पत्रात ‘स्पष्ट’ हा शब्द सहा वेळा आला आहे. स्पष्ट चित्र हवे, डॉक्टरांनी स्पष्ट सांगावे, निळ्या पट्ट्याचा अर्थ स्पष्ट व्हावा, असे तुम्ही पुन्हा पुन्हा लिहिले आहे, आणि मुलीच्या एमआरआयबद्दल लिहिताना मात्र ‘धूसर’, ‘धुरकट’, ‘काहीच दिसत नाही असे’ हे शब्द वापरले आहेत. जे चित्र अधिक रेखीव तेच अधिक खरे, ही एकच समजूत तुमच्या तिन्ही प्रश्नांच्या मुळाशी असावी, असे मला वाटते. छातीच्या चित्रणाच्या विभागात माझी नोकरीची बहुतेक वर्षे गेली आणि त्यांतली बरीच वर्षे माझीही समजूत हीच होती, त्यामुळे तिच्याबद्दल तुम्हाला दोष देण्याचा मला अधिकार नाही. पण तुमच्या मुलीच्या बाबतीत ती तपासून पाहणे आवश्यक आहे.

आधी हे चित्र धूसर का येते ते सांगतो. एमआरआयचे यंत्र शरीरातल्या पाण्यातील हायड्रोजनकडून संकेत मिळवते. मेंदू, यकृत, स्नायू हे पाण्याने भरलेले अवयव आहेत, म्हणून त्यांची चित्रे देखणी येतात. फुप्फुसाचा बहुतांश भाग हवा असतो आणि ऊतींचा वाटा अगदी थोडा, म्हणून मुळात संकेतच कमी मिळतो. त्यात आणखी एक अडचण आहे. हवा आणि ऊती यांचे चुंबकीय गुणधर्म वेगळे असल्याने प्रत्येक लहानशा वायुकोशाच्या काठावर चुंबकीय क्षेत्र किंचित वेडेवाकडे होते, आणि जो थोडा संकेत मिळतो तोही नेहमीच्या दीड टेस्लाच्या (टेस्ला हे चुंबकाची शक्ती मोजायचे एकक) यंत्रात एक-दोन मिलिसेकंदांत विरून जातो. पापणी लवायला शंभराहून अधिक मिलिसेकंद लागतात, यावरून हा वेळ किती थोडा आहे याची कल्पना यावी. तिसरी अडचण श्वासाची. छाती हलते, हृदय हलते, आणि जुन्या पद्धतीच्या एमआरआयला एक चित्र पुरे करायला मिनिटे लागत, त्यामुळे फुप्फुसाच्या जागी बहुधा नुसता काळा खड्डा दिसे. यंत्र जितके शक्तिमान तितके चित्र चांगले, असे जाहिरातींमुळे अनेकांना वाटते. फुप्फुसाच्या बाबतीत ते फारसे खरे नाही, कारण चुंबक जोरदार असला की हवेच्या काठावरचा तो वेडेवाकडेपणाही वाढतो. म्हणूनच अलीकडे ०.५५ टेस्लाच्या कमी शक्तीच्या यंत्रांवर फुप्फुसे तपासण्याचे काम मुद्दाम होत आहे.

या अडचणींवर वेगाने मात करण्याचा प्रयत्न ज्या देशात सर्वांत चिकाटीने झाला, नेमके त्याच देशात तुम्ही राहता. गॉटिंगेनच्या मॅक्स प्लांक संस्थेत येन्स फ्राम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८५ च्या सुमारास ‘फ्लॅश’ ही पद्धत शोधली आणि एमआरआयला लागणारा वेळ एकदम कितीतरी पटींनी खाली आणला. आज जगभर होणाऱ्या एमआरआयमध्ये तिचा वापर आहे. त्याच गटाने २०१० मध्ये वीस मिलिसेकंदांत एक चित्र घेण्यापर्यंत मजल मारली, म्हणजे एमआरआयचा चालता चित्रपटच तयार झाला. पण तुमच्या मुलीच्या तपासणीशी जवळचे नाते आहे ते २००९ मध्ये हायडेलबर्गच्या संशोधकांनी मांडलेल्या एका युक्तीचे. पुढे हानोवर, व्युर्त्सबुर्ग आणि स्वित्झर्लंडमधील बाझेल येथील गटांनी आपापल्या परीने ती सुधारली. तुमच्या रुग्णालयात यांपैकी नेमकी कोणती आवृत्ती वापरतात हे तुमच्या पत्रावरून कळत नाही. सर्वांचे मूळ मात्र एकच आहे.

ती युक्ती तुम्हाला तुमच्या अनुभवातूनच समजेल. मुलगी तान्ही असताना तुम्ही रात्री अंधारात पाळण्याला झोका देत बसला असाल. पाळण्याची करकर मिनिटाला पंधरा-वीस वेळा होते आणि भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक साठ वेळा. दोन्ही आवाज एकाच हवेतून, एकाच कानात, एकमेकांत मिसळून येतात, तरी करकर कोणती आणि टिकटिक कोणती हे ओळखायला तुम्हाला दिवा लावावा लागत नाही, कारण दोघांची लय वेगळी असते. फुप्फुसातही अशाच दोन लयी चालू असतात. श्वास घेतला की तेवढीच ऊती मोठ्या जागेत पसरते आणि चित्रातला तो भाग किंचित काळवंडतो; श्वास सोडला की पुन्हा उजळतो. त्याच वेळी हृदयाच्या प्रत्येक ठोक्याबरोबर ताजे रक्त आत येते आणि उजळपणात दुसरा, अधिक जलद आणि बारीक फरक पडतो. यंत्र छातीचा एक काप निवडते, सेकंदाला तीन किंवा अधिक चित्रे या वेगाने मिनिटभरात दीड-दोनशे चित्रे घेते, संगणक ती सगळी चित्रे एकमेकांवर नीट बसवतो आणि मग प्रत्येक ठिपक्याच्या उजेडातून संथ लय आणि जलद लय वेगळी काढतो. संथ लयीचा नकाशा सांगतो की हवा कोठे पोहोचते, आणि जलद लयीचा नकाशा सांगतो की रक्त कोठे पोहोचते. लयी वेगळ्या काढण्याचे हे गणित मुळात फूरिये या फ्रेंच गणितज्ञाचे, आणि १८२२ मध्ये त्यांनी ते प्रसिद्ध केले ते उष्णता पदार्थातून कशी वाहते हे समजून घेताना.

वेगाचे महत्त्व येथेच आहे. सेकंदाला तीनच चित्रे घेतली तर मिनिटाला नव्वद ठोक्यांपर्यंतचीच लय खात्रीने पकडता येते. त्यापुढे चित्रपटातल्या गाडीचे चाक उलटे फिरताना दिसावे तसा घोटाळा होतो. सात वर्षांच्या मुलीचे हृदय, त्यातही अनोळखी यंत्रात झोपवल्यावर, नव्वदच्या पुढे सहज जाते. म्हणून लहान मुलांसाठी चित्रे आणखी भरभर घ्यावी लागतात, आणि भरभर घेतलेल्या प्रत्येक चित्राच्या वाट्याला बारकावा कमी येतो. म्हणजे तुम्हाला जो धुरकटपणा दिसला, तो या वेगासाठी जाणूनबुजून मोजलेली किंमत आहे. त्या बदल्यात मुलीला श्वास रोखावा लागत नाही, शिरेतून औषध टोचून घ्यावे लागत नाही, आणि क्ष-किरणांचा तर प्रश्नच येत नाही.

आता निळ्या पट्ट्याकडे येऊ, कारण तुमची झोप त्याने उडवली आहे. त्या नकाशातला निळा रंग शरीरात नसतो. कोणत्या आकड्याखाली निळा दाखवायचा हे माणसांनी ठरवलेले असते. निळा म्हणजे त्या ठिकाणी त्या काही मिनिटांत हवेची ये-जा आजूबाजूपेक्षा कमी होती, एवढाच त्याचा अर्थ. सिस्टिक फायब्रोसिसमध्ये चिकट कफाचे बूच एखाद्या बारीक श्वासनलिकेत अडकले की तिच्या पलीकडचा भाग कमी श्वास घेतो, आणि मग फुप्फुस स्वतःच तेथला रक्तपुरवठा आखडता घेते, कारण जेथे हवा नाही तेथे रक्त पाठवून उपयोग नसतो. असे बूच फिजिओथेरपीने निघूही शकते आणि निळा पट्टा पुढच्या वेळी फिका झालेला किंवा नाहीसा झालेला दिसू शकतो. याउलट, श्वासनलिकेची भिंतच जाड झाली असेल किंवा नलिका कायमची रुंदावली असेल, तर तो पट्टा तेथेच राहतो. कायमचे काय आणि येणारे-जाणारे काय, हा फरक एका चित्रावरून कळत नाही. त्यासाठी दुसरे चित्र लागते. डॉक्टरांनी सलग दुसऱ्या वर्षी तारीख दिली ती बहुधा याचसाठी. तुम्हाला तो वाईट बातमीचा इशारा वाटला. मला तो साधा, शहाणपणाचा निर्णय वाटतो.

‘स्पायरोमेट्री चांगली आहे, मग हे कशाला?’ असेही तुम्ही विचारले आहे. स्पायरोमेट्री दोन्ही फुप्फुसांचा मिळून एकच हिशेब सांगते. दहा खोल्यांच्या वाड्यात एका खोलीची खिडकी बंद झाली तर वाड्याच्या दारातून येणाऱ्या वाऱ्यावरून ते कळणार नाही, कारण उरलेल्या नऊ खिडक्या ती उणीव भरून काढतात. मुलांची फुप्फुसे ही उणीव फार सफाईने भरून काढतात, आणि म्हणूनच या आजारात आकडे चांगले असतानाही आतला एखादा भाग झाकोळलेला असू शकतो. हे वाचून घाबरू नका. आकडे खोटे नाहीत. त्यांना विचारलेला प्रश्न वेगळा आहे.

सासूबाईंबद्दल तुम्ही थोड्या चिडून लिहिले आहे. माझे त्यांच्याशी भांडण नाही. २०२० आणि २०२१ या करोनाच्या दोन वर्षांत महाराष्ट्रातल्या घराघरांत एचआरसीटीचा ‘पंचवीसपैकी स्कोअर किती?’ हा प्रश्न जेवण झाले का इतक्या सहजपणे विचारला जात होता, आणि त्या स्कोअरवर खाट मिळणे-न मिळणे ठरत होते. एचआरसीटी म्हणजे फुप्फुसाचा अंतिम निकाल, ही श्रद्धा त्या दिवसांनी रुजवली आहे. शिवाय नातीला जवळ आणून काही तरी करावे, ही आजीची इच्छा त्या सूचनेत आहे. त्या इच्छेला नाही म्हणू नका, फक्त सीटीला म्हणा.

सीटीची बाजू मी प्रामाणिकपणे मांडतो. फुप्फुसाची रचना दाखवण्यात त्याला तोड नाही. एक-दोन मिलिमीटरची श्वासनलिका रुंदावली असेल तर ती सीटीतच नीट दिसते, आणि नव्या यंत्रांवर लहान मुलाची छाती एका सेकंदाच्या आत-बाहेर टिपली जाते. किरणांचा बाऊही करू नये. प्रौढ माणसाच्या छातीच्या नेहमीच्या सीटीत साधारण ५ ते ७ मिलिसिव्हर्ट (किरणांची मात्रा मोजायचे एकक) इतकी मात्रा मिळते, निसर्गातून आपल्याला वर्षाकाठी सरासरी २.४ मिलिसिव्हर्ट मिळतच असते, आणि मुलांसाठी काळजीपूर्वक बेतलेल्या तपासणीत ही मात्रा एका मिलिसिव्हर्टच्याही खाली आणता येते. एका सीटीने तुमच्या मुलीचे वाईट होईल असे म्हणणारा माणूस तुम्हाला उगाच भीती घालतो आहे. पण तिला हा आजार आयुष्यभर सोबत करणार आहे, फुप्फुसांवर वर्षानुवर्षे लक्ष ठेवावे लागणार आहे, आणि वाढत्या वयातल्या ऊतींवर किरणांचा परिणाम मोठ्यांपेक्षा अधिक होतो; म्हणून हिशेब एका सीटीचा न करता पुढच्या तीस-चाळीस वर्षांत होणाऱ्या सर्व तपासण्यांचा करायला हवा. जी तपासणी दर वर्षी, किंवा गरज पडल्यास महिन्याभरात पुन्हा, निर्धास्तपणे करता येते तिचे मोल या हिशेबात खूप वाढते.

याहून महत्त्वाचा मुद्दा असा, की सांगलीत काढलेला सीटी उत्तर कोणाच्या प्रश्नाचे देणार? मुलीवर उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी तो मागितलेला नाही. त्यात काही बारीकसारीक दिसले, आणि बारकाईने पाहिले की काही ना काही दिसतेच, तर त्याचा अर्थ लावणाऱ्या स्थानिक डॉक्टरांनी मुलीला पूर्वी पाहिलेले नसेल, आणि जर्मनीतल्या डॉक्टरांना एमआरआयशी त्याची थेट तुलना करता येणार नाही. श्वास रोखून घेतलेल्या त्या चित्रात निळा पट्टा दिसणारही नाही. दिसली तर त्याच्यामागची रचना दिसेल. तुमची धास्ती मात्र दोन चित्रांवर वाटली जाईल. यापलीकडे, तुमच्याच डॉक्टरांनी उद्या सांगितले की अमुक एका शंकेसाठी सीटी हवा आहे, उदाहरणार्थ ताप उतरत नाही, थुंकीतून रक्त पडले किंवा शस्त्रक्रियेचा विचार आहे, तर किरणांच्या भीतीने त्याला नकार देऊ नका. तेव्हा तोच योग्य असेल.

तुमच्या पतीचा आक्षेप मला अधिक गंभीर वाटतो आणि त्याचे उत्तर ‘काही होत नाही हो’ असे देऊन चालणार नाही. मुलीच्या उपचारासाठी होणारी तपासणी आणि संशोधनासाठी घेतली जाणारी जादा चित्रे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि तुमच्या पत्रात त्या एकत्र झाल्या आहेत. पहिलीला होकार देऊन दुसरीला नकार देता येतो. त्यासाठी कारण द्यावे लागत नाही, दिलेली संमती नंतर काढूनही घेता येते, आणि त्यामुळे उपचारांत फरक पडता कामा नये. सही करण्यापूर्वी दोघांनी मिळून डॉक्टरांसमोर बसा आणि विचारा, की जादा चित्रांमुळे यंत्रात किती मिनिटे अधिक राहावे लागेल, चित्र उठावदार करणारे गॅडोलिनियमचे औषध शिरेतून टोचणार का, गुंगी देणार का, चित्रे नाव काढून साठवणार का आणि ती कोणाकोणाला दिली जातील, आणि त्या चित्रांत अनपेक्षित काही आढळले तर ते तुम्हाला कळवणार का. उत्तरे ‘दहा मिनिटे अधिक, टोचणे नाही, गुंगी नाही’ अशी असतील तर मी माझ्या नातीसाठी सही केली असती. औषध टोचणे किंवा गुंगी केवळ संशोधनासाठी असेल तर केली नसती. गॅडोलिनियमचा सूक्ष्म अंश शरीरात मागे राहू शकतो हे लक्षात आल्यावर युरोपीय औषध संस्थेने २०१७ मध्ये त्याच्या काही प्रकारांवर निर्बंध आणले. उपचारासाठी गरज असेल तेव्हा ते औषध अवश्य द्यावे, हौसेने देऊ नये. आणि मुलीलाही विचारा. सात वर्षांच्या मुलाला पुरेसे कळते. भारतातील वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांतही सातव्या वर्षापासून मुलाची तोंडी तयारी विचारात घ्यायला सांगितले आहे.

‘प्रयोग’ या शब्दाबद्दल एवढेच म्हणेन, की श्वास चालू असताना फुप्फुस दाखवणारी ही युक्ती आज तुमच्या मुलीला उपलब्ध आहे, कारण गेली पंधरा-सोळा वर्षे इतर मुलांच्या आई-वडिलांनी अशाच कागदांवर सह्या केल्या. याने तुमच्यावर कोणतेही ऋण येत नाही.

तुमच्या पतींनी झेनॉन वायूच्या एमआरआयबद्दल वाचल्याचाही उल्लेख पत्रात आहे. त्या पद्धतीत विशेष रीतीने तयार केलेला झेनॉन श्वासाबरोबर आत घेऊन काही सेकंद श्वास रोखायचा असतो, आणि तो वायूच चित्रात चमकतो. अमेरिकेत डिसेंबर २०२२ मध्ये तिला पहिली मान्यता मिळाली, ती १२ वर्षे आणि त्यावरील वयासाठी. चित्रे अप्रतिम येतात, पण वायू तयार करण्याचे स्वतंत्र यंत्र लागते. तूर्त तो विषय बाजूला ठेवा.

आता तपासणीच्या दिवसाचे. मुलगी गुंगीशिवाय पडून राहील का, ही तुमची शंका रास्त आहे. गुंगी टाळता आली तर फार बरे, कारण गुंगीत श्वास बदलतो, फुप्फुसाचे खालचे भाग थोडे मिटतात, आणि आपण जे मोजायला गेलो तेच बिघडते. सात वर्षांची बहुतेक मुले सरावाने हे जमवतात. जेवणाच्या टेबलाखाली चादर टाकून बोगदा करा, फोनवर एमआरआयचे खडखडाटी आवाज लावा, आणि तिला तिच्या आवडीची गोष्ट ऐकत आधी पाच, मग दहा मिनिटे पाठीवर पडून राहू द्या. यात एक चूक टाळा. स्पायरोमेट्रीच्या खोलीत तंत्रज्ञ ‘फुंक, फुंक, अजून फुंक’ असे ओरडत असतो, त्यामुळे या मुलांना छातीची तपासणी म्हणजे जोर लावायचा असे वाटते, आणि आईच्या तोंडूनही सवयीने ‘मोठा श्वास घे’ निघून जाते. येथे मोठा श्वास नको, रोखलेलाही नको. गादीवर लोळत पुस्तक वाचताना चालतो तसा श्वास हवा.

मला एक मुलगा आठवतो, आठेक वर्षांचा, पोटाच्या एमआरआयसाठी आलेला. आम्ही त्याच्या पोटावर श्वासाची लय दाखवणारा पट्टा बांधला, ‘अजिबात हलायचं नाही’ असे बजावले, आणि बाहेर येऊन काचेमागे बसलो. पडद्यावर श्वासाची रेघ सपाट. पट्टा सैल झाला असेल म्हणून तंत्रज्ञ उठतच होती, तेवढ्यात माझे लक्ष मुलाच्या चेहऱ्याकडे गेले. गाल फुगवून, डोळे घट्ट मिटून तो आज्ञा पाळत होता. माइकवरून ‘बाळा, श्वास घे’ म्हटल्यावर पडद्यावरची रेघ अशी उसळली, की सगळे हसले. तेव्हापासून मी कोणत्याही मुलाला ‘हलू नकोस’ असे म्हणत नाही. ‘हात-पाय झोपलेत, पोट जागं आहे’ असे सांगतो. तुम्हीही तसेच सांगून पाहा.

तपासणीच्या आधी नेब्युलायझर आणि फिजिओथेरपी किती वाजता झाली, सर्दी-खोकला होता का, हे एका कागदावर लिहून द्या आणि गेल्या वर्षी काय क्रम होता तोही आठवून पाहा. कफ काढण्यापूर्वीचे आणि काढल्यानंतरचे चित्र यांत फरक पडू शकतो, आणि दोन वर्षांची तुलना करायची तर दोन्ही वेळची परिस्थिती शक्य तितकी सारखी हवी. हा आजार असलेल्या मुलांनी एकमेकांच्या जंतूंपासून दूर राहायचे असते, हे तुम्हाला माहीत आहेच. त्यामुळे प्रतीक्षागृहात त्याच दिवशी आणखी कोणी असा रुग्ण आहे का, हे तारीख घेतानाच विचारून ठेवा.

अशाच प्रश्नांची पत्रे मला महाराष्ट्रातूनही येतात, म्हणून त्या वाचकांसाठी थोडे. तुमच्या शहरात गुडघ्याचा, मणक्याचा आणि मेंदूचा उत्तम एमआरआय होत असला, तरी श्वास चालू असताना फुप्फुसाचे काम दाखवणारी ही तपासणी त्याच यंत्रावर आपोआप होत नाही. तिच्यासाठी वेगळी चित्रणपद्धत, वेगळे विश्लेषण आणि ते वाचण्याचा सराव असलेले डॉक्टर लागतात. हे वाचून कोणी केंद्रात जाऊन ‘छातीचा एमआरआय करा’ असे सांगू नये. पैसे जातील आणि हाती काळा खड्डा येईल. क्षयानंतरचे व्रण, फुप्फुसाचे कडक होणे अशा आजारांत डॉक्टरांनी एचआरसीटी सांगितला असेल, तर तेथे तोच योग्य आहे. आणि फुप्फुसाच्या रुग्णांना घेऊन एमआरआयला जाणाऱ्यांनी एक गोष्ट कधीही विसरू नये. जानेवारी २०१८ मध्ये मुंबईतील एका रुग्णालयात रुग्णासोबत आलेला तरुण ऑक्सिजनचा सिलिंडर घेऊन एमआरआयच्या खोलीत गेला, चुंबकाने सिलिंडरसकट त्याला ओढले आणि त्यात त्याचा जीव गेला. तपासणी चालू नसली तरी चुंबक चालूच असतो. तंत्रज्ञाने स्वतः तपासल्याशिवाय कोणतीही वस्तू आत नेऊ नका, मग कोणीही, कितीही घाईने सांगितलेले असो.

राहिला अहवालाचा प्रश्न. तो हाती आल्यावर रंग पाहू नका. डॉक्टरांना विचारा, की गेल्या वर्षीचा पट्टा लहान झाला, तेवढाच राहिला की वाढला, हवा आणि रक्त दोन्हींच्या नकाशांत तो तसाच आहे का, आणि त्यावरून फिजिओथेरपीत, औषधांत किंवा पुढच्या तारखेत काय बदलायचे. काहीच बदलायचे नसेल तर तसेही विचारून घ्या, म्हणजे घरी येऊन त्या निळ्या रंगाशी एकटीने झुंजावे लागणार नाही. मुलीला मात्र नकाशापेक्षा ते चालते चित्र दाखवायला सांगा. यकृताचा घुमट वर-खाली होतो, फुप्फुस काळे होते, उजळते, पुन्हा काळे होते. मुलांना ते फार आवडते, आणि श्वास आपलाच आहे हे त्यांना लगेच ओळखू येते.

तुम्ही तिच्यासोबत आत थांबणार असाल तर आत जाण्यापूर्वी अंगावरच्या धातूच्या वस्तूंसाठी तिची जशी तपासणी होईल तशीच तुमचीही होईल. मुलीचे पैंजण, केसांच्या पिना, गळ्यातला ताईत, चमकीच्या धाग्याचा फ्रॉक आणि चेनचे जॅकेट घरीच ठेवा. तुमच्या मंगळसूत्राला किंवा बांगडीला अडकवलेली सेफ्टी पिन आदल्या रात्रीच काढून ठेवा, कारण सकाळच्या घाईत ती हमखास विसरली जाते.